प्रेमळ बाप, पण सातबारा कुणाच्या नावावर?

‘देव आपला प्रेमळ बाप आहे’ हे वाक्य ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाच्या कानावर किती वेळा पडतं, याचा हिशेब लागणार नाही. संडे स्कूलमध्ये पडतं, लग्नात पडतं, मयतीला तर पडतंच. आता रीलमध्येही पडतं. मागे सूर्यास्त, हळू आवाजात कीबोर्ड आणि हात पसरून उभा असलेला एक गोरा माणूस. ऐकणारे मान डोलावतात, काही जण डोळे पुसतात. मला या वाक्याचा राग येतो. ते खोटं वाटतं म्हणून येत नाही. मी ते खरं मानते, आणि ज्या स्वस्तात ते विकलं जातं ते बघून राग येतो.

मी इंदापूर तालुक्यातली. आमचं गाव नीरा डाव्या कालव्याच्या टेलला आहे, म्हणजे पाणी आलं तर आलं. नोकरीसाठी बारामतीत राहते. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक एक टक्काही नाहीत, त्यामुळे हे वाचणारे बहुतेक जण आमच्या चर्चचे नसणार हे मला ठाऊक आहे. पण बाप सगळ्यांनाच असतो. तेव्हा वाचा.

आमच्या या दोन तालुक्यांत बाप म्हणजे तीन गोष्टी. पहिली, मधलं नाव. शाळेच्या दाखल्यापासून आधार कार्डापर्यंत तो आपल्या नावात मधोमध बसलेला असतो. मुलगा असेल तर जन्मभर बसतो. मुलगी असेल तर लग्नाच्या दिवशी उठतो आणि त्या जागी दुसरा पुरुष येऊन बसतो. दुसरी गोष्ट, सातबारा. जमीन त्याच्या नावावर, सोसायटीचं कर्ज त्याच्या नावावर, कारखान्याचं उसाचं बिल त्याच्या खात्यावर. तिसरी गोष्ट, आवाज. संध्याकाळी अंगणात गाडी थांबल्याचा आवाज आला की घरातल्या टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो. कुणी सांगितलेलं नसतं.

मी वाईट बापांबद्दल बोलत नाहीये. माझ्या आण्णांनी माझ्यावर कधी हात उचलला नाही. उसाच्या बिलातून माझी कॉलेजची फी भरली आणि त्या वर्षी स्वतःची गाडी दुरुस्त केली नाही. चांगल्या बापाच्या घरातही टीव्हीचा आवाज कमी होतोच. तो आवाज त्या माणसाच्या स्वभावावर ठरत नाही, त्याच्या जागेवर ठरतो.

अशा घरातून येणाऱ्या पोरांना तुम्ही सांगता की देव बाप आहे. मग त्यांनी यातला कुठला बाप समजायचा?

दोन फसवणुकी

या प्रश्नाला चर्चकडे सध्या दोन उत्तरं आहेत, आणि माझ्या मते दोन्ही फसवी आहेत.

पहिलं उत्तर जूनच्या तिसऱ्या रविवारी ऐकायला मिळतं. त्या दिवशी फादर्स डे असतो. सगळ्या बापांना पुढे बोलावतात, गुलाब देतात आणि उपदेशात सांगतात की घरातला बाप हा देवाचा प्रतिनिधी आहे, त्याचं ऐकणं म्हणजे देवाचं ऐकणं. हे मी एकदा नाही, बऱ्याच ठिकाणी ऐकलंय. यात काय होतं बघा. देवाच्या नावावरचा अधिकार कर्जाऊ काढून तो घरातल्या पुरुषाच्या खात्यावर जमा केला जातो. आणि हे कर्ज कधीच फिटत नाही.

दुसरं उत्तर युवा शिबिरात मिळतं. दिवे मंद करतात. सांगतात, डोळे मिटा, तुमच्या वडिलांचा चेहरा आठवा, त्यांनी जे केलं त्याची त्यांना क्षमा करा, म्हणजे तुम्हाला स्वर्गातल्या बापाचं प्रेम जाणवेल. पोरं हुंदके देऊन रडतात. अशाच एका शिबिरात माझ्या शेजारची मुलगी मधेच उठून बाहेर गेली. मी मागे गेले. तिच्या दंडावर पट्ट्याचे वळ होते, जुने नव्हते. ती म्हणाली, “ताई, मला दुसरा बाप नको. एकच खूप झाला.”

शिबिर घेणाऱ्यांच्या हिशेबात त्या मुलीचं मन कठोर झालं होतं. माझ्या हिशेबात त्या मांडवात सगळ्यात स्पष्ट विचार तिनेच केला होता. तिला मलम देण्याआधी कुणी विचारलं नाही की मारणारा अजून घरात आहे का. क्षमेचं काम तिच्यावर टाकलं आणि बापाला गुलाब दिला.

मूळ शब्द काय सांगतो

या दुसऱ्या उत्तराचा आधार एका शब्दावर आहे. ‘अब्बा’. येशू अरामी भाषा बोलायचा आणि देवाला ‘अब्बा’ म्हणायचा. मराठी बायबलने हा शब्द तसाच ठेवून शेजारी ‘बापा’ घातलंय. उपदेशात हमखास सांगतात की अब्बा म्हणजे ‘पप्पा’, तान्ह्या मुलाचा बोबडा शब्द. ही कल्पना पसरली ती योआखिम येरेमियास या जर्मन अभ्यासकाच्या लिखाणातून. बोबड्या बोलांची बाजू त्याने स्वतःच पुढे मागे घेतली. १९८८ मध्ये जेम्स बार या ऑक्सफर्डच्या अभ्यासकाने ‘अब्बा म्हणजे डॅडी नव्हे’ अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख लिहिला आणि दाखवून दिलं की मोठी, कमावती माणसंही आपल्या बापाला हाच शब्द वापरायची. तीस वर्षांहून जास्त काळ झाला. उपदेश अजून बदललेला नाही.

हा फरक भाषाशास्त्राच्या हौसेसाठी सांगत नाहीये. शुभवर्तमानांमध्ये ‘अब्बा’ हा शब्द एकदाच येतो, मार्कमध्ये, गेथशेमाने बागेत. दुसऱ्या दिवशी आपल्याला मारणार हे माहीत असलेला तिशीतला माणूस तो उच्चारतो, आणि त्याच दमात हे संकट टाळ म्हणून मागणी करतो. तो बापाच्या मांडीवर बसलेला नाही. तो बापासमोर उभा राहून आपलं म्हणणं मांडतोय.

पौलाच्या पत्रांत हा शब्द दोनदा आहे. रोमकरांच्या पत्रात आठव्या अध्यायात आणि गलतीकरांच्या पत्रात चौथ्यात. दोन्ही ठिकाणी ‘अब्बा’ म्हटल्यावर पौल लगेच ज्या विषयाकडे वळतो तो विषय आहे वारसाहक्क. मिठी नाही, अश्रू नाहीत, वारसा. तुम्ही आता गुलाम नाही, लेकरं आहात, आणि लेकरं असाल तर वारस आहात, असा त्याचा सरळ युक्तिवाद आहे.

हे पत्र रोमला गेलं होतं हे लक्षात घ्या. रोमन कायद्यात बाप जिवंत असेपर्यंत मुलाच्या मालकीचं काही नसायचं, मग मुलगा पन्नाशीचा का असेना. सम्राट ऑगस्टसला इसवी सनापूर्वी २ मध्ये ‘देशाचा पिता’ ही पदवी दिली गेली होती. म्हणजे घरात बाप मालक आणि वर राज्यातही बाप मालक. त्या शहरातल्या गुलामांना, बायकांना, बेवारस माणसांना पौल सांगत होता की तुमचा बाप वेगळा आहे आणि त्याने तुम्हाला वारस म्हणून दत्तक घेतलंय. ‘दत्तक’ हाच शब्द मराठी बायबलातही आहे. दत्तक वारस नामंजूर झाला की काय होतं, हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे. १८४८ मध्ये साताऱ्याची गादी त्यावरूनच गेली. पौल जे सांगतोय ते डलहौसीच्या बरोबर उलट आहे. इथे दत्तक मंजूर आहे, आणि वाटा पूर्ण आहे.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. देवाला बाप मानायला शिकणं म्हणजे वारस म्हणून उभं राहायला शिकणं. ज्या चर्चमध्ये बापाच्या प्रेमावर गाणी होतात आणि लेकरं घरात गड्यासारखी वागवली जातात, त्या चर्चचा या वाक्यावर विश्वास नाही. त्यांना फक्त चाल आवडते.

आत्यांची सही

वारसा म्हटलं की आमच्याकडे लगेच अध्यात्म सुरू होतं. स्वर्गातला वारसा, आत्मिक वारसा. मी जमिनीवरचं बोलते.

आमची जमीन मुळात वतनाची. पणजोबांच्या पिढीपर्यंत घरातले पुरुष पाटलाच्या दारात ‘जोहार मायबाप’ म्हणून उभे राहायचे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतनं गेली, आणि पुढे पैसे भरून ती जमीन आजोबांच्या नावावर झाली. चार पिढ्या ज्यांना उरलंसुरलं मिळायचं त्यांच्या नावाचा उतारा निघाला. आजोबा तो उतारा बायबलमध्ये ठेवायचे.

आजोबा गेल्यावर नोंदीच्या वेळी माझ्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. कुणी धमकावलं नाही. मोठ्या आत्याला विचारलं तर म्हणाली, “अगं, माहेर तुटू नये म्हणून केली सही. भाऊबीजेला जायला दार नको का?” दोन्ही आत्यांना एकेक साडी मिळाली. त्या संध्याकाळी घरात प्रार्थना झाली आणि प्रेमळ पित्याचे आभार मानले गेले.

आता कायदा काय म्हणतो? भारतीय ख्रिश्चनांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. हिंदू मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली. आमच्याकडे समान वाटा शंभर वर्षं कागदावर होता. कागदावरच राहिला.

बायबलही मागे नाही. ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट वाचा. सगळं गमावलेल्या ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. मुलग्यांची नावं पुस्तक सांगत नाही. मुलींची सांगतं : यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. आणि सांगतं की त्यांच्या बापाने त्यांना भावांच्या बरोबरीने वतन दिलं. त्यांनी मागितल्याचा उल्लेख नाही. मी आजवर असंख्य उपदेश ऐकले. ईयोबाच्या सहनशीलतेवर ऐकले, त्याच्या फोडांवर ऐकले. त्याच्या मुलींच्या वाट्यावर एकही ऐकला नाही.

थोरला मुलगा

प्रेमळ बापाचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणून लूकमधली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगतात. ती गोष्ट आमच्या भागात कुणालाही समजावून सांगावी लागत नाही, कारण ती सुरूच वाटणीने होते. धाकटा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, घेतो, परगावी जाऊन उडवतो आणि डुकरं राखायची वेळ आल्यावर परत येतो. बाप धावत जातो. ज्या गावात मोठा माणूस घाईने चालतसुद्धा नाही तिथे हा धावतो, हे ऐकून लोक गहिवरतात.

गहिवरण्याच्या नादात एक तपशील सुटतो. पोराने वाटेत भाषण पाठ केलेलं असतं. त्याचा शेवट असा की मला मुलगा म्हणू नका, गडी म्हणून ठेवा. बाप ते वाक्य त्याला पूर्ण करू देत नाही. झगा मागवतो, अंगठी मागवतो, पायात घालायला जोडे मागवतो. या सगळ्या मुलाच्या खुणा आहेत, गड्याच्या नाहीत. घरात परत घेण्याची एकच अट दिसते : गडी म्हणून येता येणार नाही.

आणि मग थोरला. हा आमचा माणूस. हा रानातून येतो. वरात-वाजंत्री ऐकून चिडतो आणि बापाला म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची गुलामी केली. मूळ ग्रीकमध्ये गुलामीचंच क्रियापद आहे. मित्रांबरोबर खायला कधी साधं करडूही दिलं नाहीत, अशी त्याची तक्रार आहे. हसू नका. बारामती-इंदापूरच्या गावागावांत हा थोरला आहे. तिशीचा झालाय, पहाटे मोटार चालू करायला जातो, ऊसतोडीच्या टोळीमागे पळतो, आणि गाडीत पेट्रोल टाकायला बापाकडे दोनशे रुपये मागतो. लग्न जमत नाही कारण सातबाऱ्यावर नाव नाही. बाप जिवंत आहे तोवर तो गडी, आणि बाप गेला की रातोरात मालक. मग तो स्वतःच्या पोराला तसंच वागवतो.

गोष्टीतला बाप थोरल्यासाठीही उठून बाहेर येतो आणि सांगतो की माझं जे आहे ते तुझंच आहे. आणि हे बोलायला त्याला नव्याने काही द्यावं लागत नाही. गोष्टीच्या सुरुवातीलाच, धाकट्याने मागितलं तेव्हा, बापाने मिळकत दोघांत वाटून टाकलेली होती. थोरला मालक होऊन गड्यासारखा राबत होता. चर्चमधली अर्धी माणसं अशीच राबतात, आणि चर्चला ते सोयीचं असतं.

मग माउली का नाही?

इथे माझ्या वयाचे मित्रमैत्रिणी म्हणतात, कशाला या बापाच्या मागे लागतेस? सोडून दे. आपल्या मातीत देव माउलीच आहे. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामतीला थांबते, बेलवाडीला रिंगण होतं, पुढे इंदापूरला मुक्काम. त्या गर्दीत अनोळखी माणूसही दुसऱ्याला ‘माउली’ म्हणून हाक मारतो. विठोबा ‘विठाई’ होतो. ख्रिस्ती मराठीतही ही वाट आहे. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला आई म्हटलं, गुरू म्हटलं. आम्ही त्यांची भजनं आजही पेटीवर म्हणतो.

मला माउली शब्द प्रिय आहे. पण तो पुरत नाही, आणि का पुरत नाही हे आपल्या घरात बघितलं की कळतं. आमच्याकडे माया आईकडे असते आणि सातबारा बापाकडे. सरकारने १९९२ मध्ये लक्ष्मी मुक्ती योजना आणली, म्हणजे नवऱ्याच्या हयातीत बायकोचं नाव उताऱ्यावर लागावं. तुमच्या गावात किती आयांची नावं लागली, ते एकदा तलाठ्याकडे जाऊन बघा. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लिहायचं ठरलंय. चांगलं आहे. नावात आली, उताऱ्यात कधी येणार?

देवाला नुसतं माउली म्हटलं की ही विभागणी आपण स्वर्गातही नेतो. प्रेम करणारी देऊ शकत नाही आणि देऊ शकणारा प्रेम दाखवत नाही. येशूच्या प्रार्थनेचा दणका असा आहे की ज्याच्याकडे सगळं आहे, तोच धावत येतो. माया आणि मालकी एकाच हातात. असा बाप मी पाहिलेला नाही, म्हणून मला तो हवा आहे.

शिवाय आपल्या भाषेनेच एक काम करून ठेवलंय. आमच्या घरात आईला ‘अगं’, बापाला ‘अहो’. आईशी भांडता येतं कारण ती ‘तू’ आहे. आण्णांशी बोलताना ‘तुम्ही’ म्हणताना वाक्य आपोआप आखडतं. पण प्रार्थनेत? मराठीत देव नेहमी ‘तू’ असतो. आख्ख्या जिल्ह्यात असा एकच बाप आहे ज्याला मी ‘तू’ म्हणते. रोज म्हणतो आपण हे, पण कुणी थांबून ऐकत नाही.

बाप वाईट असेल तर देव कळणार नाही?

दुसरा आक्षेप जास्त विद्वान असतो. माणूस देव घडवतो तो आपल्या बापाच्या साच्यात, असं फ्रॉइड म्हणून गेला. त्याच्यावर टीका करणारे पास्टरही शिबिरात नेमकं तेच सांगतात : आधी बापाशी नातं दुरुस्त करा, मग देव कळेल. मग ज्यांचं नातं दुरुस्त होणारच नाही त्यांनी काय करायचं?

मराठी ख्रिस्ती इतिहासातली दोन मोठी माणसं या साच्यात बसत नाहीत. टिळकांचे वडील तापट. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सासऱ्यांच्या स्वभावाबद्दल लपवून ठेवलेलं नाही. आई गेल्यावर टिळकांनी कोवळ्या वयात घर सोडलं आणि नाशिक गाठलं. वडिलांशी गोडी झाली आणि मग देव सापडला, असा काही क्रम त्यांच्या आयुष्यात नाही.

पंडिता रमाबाईंचं उलट. त्यांच्या मुक्ती मिशनचं केडगाव आमच्या शेजारच्या दौंड तालुक्यातलं. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि मुलगीही संस्कृत शिकली. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात हे कुटुंब अन्नाविना संपत गेलं. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात रमाबाई सांगतात की मरणाआधी वडिलांनी त्यांना जवळ घेऊन देवाच्या हाती सोपवलं. इतका चांगला बाप लाभलेली ही बाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाली. मग चांगल्या बापाने तिला आज्ञाधारक लेकरू बनवलं का? अजिबात नाही. वाँटेजच्या सिस्टर्सशी तिचा पत्रव्यवहार वाचा. आपल्या देशातल्या पुरोहितांच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितांचं जोखड मानेवर घेणार नाही, हे तिने तिथल्या धर्मगुरूंच्या बाबतीत ठणकावून सांगितलं. तिला एकदा बाप मिळाला होता. त्यामुळे इतर कुणीही बाप म्हणून मिरवलेलं तिला चालेना.

यालाच मी शिकणं म्हणते.

उरलेले मायबाप

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ ख्राइस्टच्या मिशनऱ्यांनी बारामतीत ठाणं केलं. शाळा, आसरा, औषध, हे सगळं आमच्या आज्या-पणज्यांना त्यांच्याकडून मिळालं. त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण पाटलाला ‘जोहार मायबाप’ म्हणणारी माणसं मिशनच्या साहेबालाही मायबापच म्हणू लागली. साहेब गेले, मग सरकार मायबाप झालं. आमच्या दोन तालुक्यांत तर पुढारीसुद्धा नात्यानेच ओळखले जातात. कुणी दादा, कुणी ताई, कुणी भाऊ, कुणी मामा. ‘मायबाप’ या शब्दात आईही आहे आणि बापही, पण तो हात जोडून, मान खाली घालून म्हणायचा शब्द आहे. मायबापाकडून मिळतं ते दान. वाटा मिळत नाही.

येशूला हे कळलेलं होतं. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात तो शिष्यांना स्पष्ट बजावतो की पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका. मार्कच्या दहाव्या अध्यायात तर तो यादीच देतो. माझ्यासाठी घर, भाऊ, बहिणी, आई, बाप, मुलं, शेती सोडणाऱ्याला काय परत मिळेल? घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेती. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचा. शेतीसुद्धा शंभरपट परत मिळते. बाप मिळत नाही. ती जागा भरलेली आहे आणि तिथे दुसऱ्या कुणाला बसता येणार नाही. बापालाही नाही, पास्टरलाही नाही.

म्हणून ‘देव बाप आहे’ हे वाक्य घरातल्या बापांना मोठं करत नाही. ते त्यांना खाली उतरवून मुलांच्या रांगेत भाऊ म्हणून बसवतं. आण्णाही त्याच बापाला ‘तू’ म्हणतात. म्हणजे प्रार्थनेपुरते का होईना, आम्ही बहीणभाऊ आहोत. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, आता ते इथे वाचतील.

मी प्रार्थना कशी करते, असं कुणी विचारेल. भांडून करते. मोरोपंत आमच्या बारामतीचे. ‘केकावली’ म्हणजे मोराने मारलेल्या हाका. त्या हाकांत लाचारी नाही, हट्ट आहे, देवाला कोड्यात पकडणं आहे. अठराव्या शतकातला एक म्हातारा भक्त देवापुढे इतक्या हक्काने बोलू शकतो, तर वारस म्हणवणाऱ्यांनी पुटपुटत का बसावं?

आता चर्चला माझी मागणी. पुढच्या फादर्स डेला गुलाब वाटू नका. त्या दिवशी पुलपिटवरून १९२५ च्या कायद्यातली वारसांची वाटणी वाचून दाखवा, आणि मग ईयोबाच्या मुलींची नावं वाचा. हक्कसोड पत्रावर सह्या झालेल्या घरात जाऊन आभाराची प्रार्थना करायचं नाकारा. शिबिरात कुणाला बापाचा चेहरा आठवायला लावण्याआधी, तो चेहरा घरी वाट बघतोय का ते विचारा, आणि बघत असेल तर १०९८ वर चाइल्डलाइनला फोन लावा. क्षमा नंतर.

आणि बापांनो, तुम्हाला गडी हवे असतील तर बाजारात मिळतात. प्रार्थनेत तुम्ही ज्याला बाप म्हणता त्याने जिवंतपणी वाटणी केली आणि मुलगा परत आला तेव्हा त्याला गडी म्हणून घ्यायला नकार दिला. तुमच्या मुलीचं नाव उताऱ्यावर कधी लावताय?